‘मला कसलीच आवड नाही’: घणसोलीहून आलेल्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३८, घर नवी मुंबईतल्या घणसोलीत, नोकरी ऐरोलीला. आधी अभ्यास, मग नोकरी, मग घराचे हप्ते; स्वतःची म्हणावी अशी आवड कधी तयारच झाली नाही. सुट्टीचा दिवस फोनवर जातो. नऊ वर्षांच्या मुलीने अबॅकस, बुद्धिबळ आणि कीबोर्ड असे तीन क्लास एकामागोमाग सोडले, त्यामुळे ‘तीही माझ्यासारखीच होणार का’ अशी धास्ती वाटते. आणि शेवटी एक छोटी विचारणा: कपाटावर धूळ खात पडलेला कीबोर्ड विकून टाकू का?

‘आवड सापडत नाही’ असं तुम्ही लिहिलंय. बहुतेकांची गाडी या ‘सापडणं’ शब्दापाशीच अडते. आवड कुठेतरी आयती पडलेली आहे, बरोबर दार उघडलं की ती दिसेल आणि पुढचं सगळं आपोआप जमेल, अशी समजूत त्यामागे असते. पॉल ओ’कीफ, कॅरल ड्वेक आणि ग्रेग वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये नेमकी हीच समजूत तपासली. आवड उपजत आणि ठरलेली असते असं मानणाऱ्यांचा रस, नव्या विषयातला अवघड भाग समोर येताच, जास्त झपाट्याने ओसरला. ती वाढवता येते असं मानणाऱ्यांचा तुलनेने टिकला. म्हणून आधी शोधाशोध थांबवा. तुमच्याकडे आवड नसेल, पण प्रश्न आहेत. ते रोज पडतात आणि रोज विझतात, एवढंच.

कुतूहल कसं चालतं ते एकदा नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी कृती त्यावरच उभी आहे. जॉर्ज लोवेन्स्टाईन यांनी १९९४ मध्ये मांडलेली कल्पना साधी आहे: आपल्याला ठाऊक असलेलं आणि ठाऊक करून घ्यावंसं वाटणारं, या दोहोंमधली फट जाणवली की कुतूहल जागं होतं. आता यातली मेख बघा. फट जाणवायला आधी थोडं तरी ठाऊक असावं लागतं. अजिबात काही माहीत नसलेल्या गोष्टीबद्दल कुतूहल वाटतच नाही. वाशीच्या पुलावरून लोकल जाताना खाडीत गुलाबी ठिपके दिसले, ‘फ्लेमिंगो’ म्हटलं, विषय संपला. पण त्या थव्यात दोन जाती मिसळलेल्या असतात एवढं कळलं, की गंमत सुरू होते. छोट्या रोहित पक्ष्याची (रोहित म्हणजेच फ्लेमिंगो) चोच गडद, लांबून काळीच वाटणारी. मोठ्याची गुलाबी, फक्त टोक काळं. शिवाय तो अंगानेही उंच. हे वाचल्यावर पुढच्या वेळी तुम्ही खिडकीतून नुसतं बघणार नाही, चोच शोधाल. एवढीशी माहिती फट पाडायला पुरते. म्हणून ‘आधी आवड, मग माहिती’ या क्रमाची वाट बघत बसू नका. चिमूटभर माहिती आधी लागते.

आता कृती. खिशात मावेल अशी साधी वही घ्या. फोन नको, कारण फोन उघडला की प्रश्न लिहायच्या आधी तिसऱ्याच गोष्टीत शिरायला होतं. एकवीस दिवस, रोज जास्तीत जास्त तीन प्रश्न. एका प्रश्नाला एक ओळ: प्रश्न, जागा, वेळ. आणि एक कडक नियम, त्याच दिवशी उत्तर शोधायचं नाही. उत्तर लगेच मिळालं की फट बुजते आणि प्रश्नात दम होता की नाही ते कळायची सोय राहत नाही. रात्र ओलांडून सकाळीही जो प्रश्न आठवतो, त्याच्यापुढे फुली करा.

प्रश्न कसे असावेत? असे: ‘रबाळे स्टेशन, सकाळी ९.१०: भिंतीतून पिंपळ उगवलाय, त्याला पाणी कुठून मिळतं?’ ‘तुर्भे मार्केट: चार डझनाची हापूसची पेटी सहा डझनाच्या पेटीपेक्षा महाग कशी?’ (पेटी तीच, फळ मोठं असलं की कमी डझन मावतात.) ‘कोळीण पापलेटचा कल्ला उचलून नक्की काय बघते?’ ‘ऑफिसच्या चारही लिफ्ट एकाच मजल्यावर का जमतात?’ हे प्रश्न क्षुल्लक आहेत आणि तेच त्यांचं बळ आहे. ते तुम्हाला खरोखर पडलेले असतात.

इथे तीन चुका हमखास होतात. ‘सुख म्हणजे काय’ छापाचे भारदस्त प्रश्न लिहिले जातात. त्यांना पुढची पायरी नसते, म्हणून ते वहीतच राहतात. दुसरी, ‘शेअर बाजार कसा चालतो ते शिकायला हवं’ असे प्रश्न. वाक्यात ‘हवं’ आलं की तो प्रश्न बहुधा कुणा दुसऱ्याचा असतो, ओळ खोडून टाका. तिसरी, सुटलेल्या दिवसांचे प्रश्न रविवारी आठवून भरणं. आठवून लिहिलेले प्रश्न शहाण्यासारखे दिसतात पण त्यांत ओढ नसते. दिवस सुटला तर सुटू द्या. त्रेसष्टऐवजी पस्तीस-चाळीस जमले तरी भरपूर झाले.

बाविसाव्या दिवशी वही घेऊन बसा. आता जे करायचं ते या सगळ्या पद्धतीचं मर्म आहे, त्यामुळे घाई करू नका. प्रश्नांची विषयवार विभागणी करू नका. निसर्ग, तंत्रज्ञान, खाणं अशी तर अजिबात नाही. प्रश्नाची जात ओळखा. ‘हे कोणतं?’ ही ओळख पटवण्याची ओढ. ‘हे कसं चालतं?’ ही यंत्रणेची. ‘इथे आधी काय होतं?’ ही गतकाळाची. ‘हे मला करता येईल का?’ ही हाताची. ‘माणसं असं का वागतात?’ ही माणसांची. प्रत्येक ओळीपुढे एक अक्षर टाका आणि मोजा. एक-दोन अक्षरं ठळकपणे पुढे निघालेली दिसतील.

ठाण्याच्या तलावपाळीवर संध्याकाळी पाच माणसं एकाच कठड्यावर बसली आहेत असं समजा. एकाला काठावरचं झाड कोणतं ते हवंय. दुसऱ्याला या मासुंदा तलावाचं पाणी कुठून येतं आणि जादा झालं की कुठे जातं ते. तिसरी कौपिनेश्वराच्या देवळाकडे बघून शिलाहारांच्या काळात शिरते, जेव्हा ठाण्याला श्रीस्थानक म्हणत. चौथीला पाण्यात थरथरणारे दिवे रंगात कसे पकडायचे हा घोर लागलाय. पाचवा भेळवाल्याकडे बघतोय: गर्दी वाढली की हा कांदा आधीच चिरून ठेवतो की नाही? तलाव एकच, ओढी पाच. त्यामुळे ‘मला पक्षीनिरीक्षण आवडेल का’ हा प्रश्नच नीट विचारलेला नसतो. यंत्रणेची ओढ असलेला माणूस नावं टिपणाऱ्यांच्या टोळक्याबरोबर खाडीवर जातो, तासाभरात कंटाळतो आणि ‘निसर्ग आपला प्रांत नाही’ असा निकाल देऊन मोकळा होतो. त्यालाच कुणी सांगितलं असतं की रोहित पक्षी चोच उलटी धरून पाण्यात बुडवतो, जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे करून पाणी आत-बाहेर ढकलतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांत अन्न गाळून घेतो, तर तो दुपारपर्यंत तिथून हलला नसता.

पुढचा टप्पा चाचपणीचा. पुढे निघालेल्या अक्षरांतले फुली असलेले तीन प्रश्न निवडा. प्रत्येकासाठी दीड-दीड तासाच्या चार बैठका, महिना-दीड महिन्यात. तिन्हींचा मिळून खर्च पाचशे रुपयांच्या आत. क्लास नाही, किट नाही, महागडी दुर्बीण नाही. चारच का? पहिल्या बैठकीत नवलाई असते, ती काहीही गोड करते. दुसरीत तुलना सुरू होते. तिसरीत कंटाळा डोकावतो. चौथीला जाताना पाय ओढावा लागतो की आपसूक उचलला जातो, यावरून खरं कळतं. ‘मजा आली का’ हे माप वापरू नका. मजा झोपेवर, उन्हावर, सोबतीवर ठरते. दोनच गोष्टी बघा. चौथी बैठक संपताना वहीत पुढचा प्रश्न आपोआप लिहिला गेला का? आणि दोन बैठकींच्या मध्ये, आंघोळ करताना किंवा लिफ्टची वाट बघताना, तो विषय न बोलावता डोक्यात आला का?

घराबाहेर पाऊल न टाकता करता येणारी चाचपणी म्हणजे खिडकीतला कढीपत्ता. मुलीला सोबत घ्यायलाही ही सगळ्यात चांगली. लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन ही दोन फुलपाखरं लिंबावर आणि कढीपत्त्यावर अंडी घालतात आणि दोन्ही आपल्याकडे भरपूर आहेत. बारा इंची कुंडी, रोज निदान चार तास ऊन. कोवळी पालवी आली की तिच्यावर नजर ठेवा: खसखशीच्या दाण्याएवढं, फिकट पिवळसर, गोल अंडं, एका जागी एकच. तीन-चार दिवसांत अळी बाहेर येते. सुरुवातीला ती काळपट-तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा, हुबेहूब पक्ष्याची शीट. पक्षी स्वतःची शीट खात नाहीत, म्हणून वाचते. शेवटच्या टप्प्यात कात टाकली की एकदम हिरवीगार होते. मानेजवळ गवताच्या काडीने हलकेच स्पर्श करा; डोक्यामागून शिंगांच्या जोडीसारखा ओलसर, रंगीत अवयव झटकन बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. पुरती वाढली की अळी खाणं थांबवते, जागा शोधत भटकते आणि कोष करते: शेपटीकडून चिकटलेला आणि कमरेला रेशमाचा एकच धागा, वायरमनच्या पट्ट्यासारखा. उबदार हवेत अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना जातो.

यात बिघडतं ते असं. नर्सरीतून आणलेल्या रोपावर कीटकनाशक मारलेलं असतं आणि त्यावरच्या अळ्या एक-दोन दिवसांत काळ्या पडून मरतात. नवं रोप धुवून घ्या आणि महिनाभर नुसतं वाढू द्या, पुढच्या पालवीवर भरवसा ठेवा. अळी झाकणाच्या बरणीत ठेवली तर आत बाष्प धरतं, बुरशी येते. आत आणायचीच असेल तर तोंडाला मलमलचं फडकं बांधा, रोज ताजी पानं द्या, विष्ठा झटका. लहान रोपाला दोन-तीनपेक्षा जास्त अळ्या झेपत नाहीत. पानं संपली की त्या उपाशी मरतात, तेव्हा शेजाऱ्यांच्या कढीपत्त्याशी आधीच बोलून ठेवा. उंच मजल्यावर फुलपाखरू यायला वेळ लागतो, कुंडी दिसेल अशी कठड्याच्या आत पण उजेडात ठेवा. कधी कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाशी बाहेर पडते आणि कोषाला भोक दिसतं. मुलगी रडेल. तिला सांगा की कुणीतरी आतल्या जिवात आपलं अंडं घालून गेलं होतं. कोण, कधी, कसं? प्रश्न वहीत.

आणि एक बारकावा, ज्याने यंत्रणेची ओढ असलेली माणसं हमखास अडकतात. याच फुलपाखरांचे कोष कधी हिरवे असतात, कधी तपकिरी. हिरव्या पानांत बहुधा हिरवा, वाळक्या काडीवर बहुधा तपकिरी. अळीला आपण कशावर बसलोय ते कळतं कसं? दोन भटक्या अळ्या घ्या, एकीला हिरवी डहाळी द्या, दुसरीला सुकी काडी. आधी अंदाज लिहा, मग वाट बघा. अंदाज लिहिणं महत्त्वाचं आहे. लिहिलेला अंदाज चुकला की फट रुंदावते, न लिहिलेला चुकला तर मन ‘मला माहीतच होतं’ म्हणून सारवासारव करतं. पावसाळा सरला की घोडबंदर रोडवरच्या ओवळे गावातली ओवळेकर वाडी ही फुलपाखरांची बाग बघून या. २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू असलेलं ब्लू मॉरमॉनही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं, हे कढीपत्त्याच्या अळ्या पाळलेल्या मुलीला वेगळं सांगावं लागणार नाही.

ज्यांना घराबाहेर पडायचंय त्यांच्यासाठी खाडी आहेच. ठाणे खाडीचा एक भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेला. ऐरोलीला वनखात्याचं किनारी जैवविविधता केंद्र तुमच्या ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर आहे. पक्षी साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत असतात. पण नुसतं ‘रविवारी सकाळी जाऊ’ असं ठरवून जाणारे बरेचदा रिकामे परततात, कारण तिथलं घड्याळ भरती-ओहोटीचं आहे. ओहोटीला चिखल उघडा पडला की पक्षी लांबवर पांगून चरतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना काठाकडे ढकलतं, तीच जवळून बघायची वेळ. पूर्ण भरतीला ते उडून नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींकडे विसाव्याला जातात.

वेळ काढायला कोकण किनाऱ्यावरचा जुना आडाखा वापरून बघा: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तर पूर्ण भरती ढोबळमानाने तीनच्या सुमारास, पहाटे आणि दुपारी. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावस्येला बाराच्या आसपास, आणि तेव्हाच पाणी सगळ्यात जास्त चढतं, ते उधाण. अष्टमीच्या मागेपुढे चढउतार कमी, तो भांग. घरच्या पंचांगात तिथी बघा, वेळ लिहा, मग छापील भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहा. तक्ता मुंबई बंदराचा असला तर खाडीच्या आतल्या टोकाला पाणी थोडं उशिरा पोचतं. किती उशिरा, हे चार रविवारी काठावर उभं राहून तुम्हीच मोजा. पंचांग, चंद्र आणि चिखल एका धाग्यात ओवलेले दिसले, की पक्ष्यांत रस नसलेला माणूसही खाडीत गुंततो.

चिखलात उतरू नका, माणूस मांडीपर्यंत रुतायला वेळ लागत नाही. खारफुटी तुडवू नका. दुर्बीण पहिल्या तीन फेऱ्यांत कुणाची तरी मागून घ्या. पुढे घ्यायचीच झाली तर ८×४२ बघा: आठपट मोठं दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. दहापट मोठं करणारी घ्यायचा मोह होतो, पण नवख्या हातात ती जास्त हलते आणि पक्षी चौकटीत सापडत नाही.

गतकाळाची ओढ असेल तर तुमची रोजची लोकलच पुरे. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघून ठाण्याला आली, हे सगळ्यांना पाठ असतं. पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही: ठाण्यालाच का थांबली? नकाशा उघडा. पुढे खाडी आडवी येते. खाडीवर पूल बांधून गाडी कल्याणला पोचली ती १८५४ मध्ये. मग पारसिकचा डोंगर. मूळ रूळ डोंगराला वळसा घालून मुंब्र्याकडून गेले आणि सरळ आरपार जाणारा, सव्वा किलोमीटरहून लांब पारसिक बोगदा १९१६ मध्ये आला. मधली साठ वर्षं वळसा का चालला आणि मग का चालेनासा झाला? इथून पुढे ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय, १८९३ पासून चालू असलेलं, आणि १८८२ मध्ये छापलेलं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ. गॅझेटिअर इंग्रजीत आहे, पण सगळं वाचायचं नाहीच. आपल्या गावाचं नाव शोधायचं, घणसोली, तुर्भे, बेलापूर, आणि तेवढी पानं वाचायची. मिठागरं, भातखाचरं, बंदरं, सगळं तिथेच भेटेल. आणि एक बैठक गावठाणातल्या वयस्कर आगरी-कोळी माणसांसाठी ठेवा. १९७० मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आल्यावर जमिनीचं काय झालं, हे त्यांच्याइतकं नेमकं कुठल्या पुस्तकात नाही. जाताना एकच प्रश्न घेऊन जा. दहा प्रश्नांची यादी काढली की समोरचा माणूस जबाब दिल्यासारखं बोलू लागतो.

हाताची ओढ असणाऱ्यांसाठी नियम एवढाच: पहिली वस्तू एका बैठकीत पुरी होणारी हवी. कामट्यांचा छोटा आकाशकंदील चालेल, लाकडी खुर्ची नको. अर्धवट राहिलेली वस्तू डोळ्यांसमोर पडून राहिली की पुढची बैठक टळते.

आता त्या खड्ड्याविषयी, जिथे जवळपास प्रत्येक नवी आवड मरते. दोन-अडीच महिन्यांनी प्रगती थांबल्यासारखी वाटते. कारण अगदी ठोस आहे. सुरुवातीचे फरक ढोबळ असतात: घार, बगळा, खंड्या पटापट ओळखू येतात. मग समोर येतात चिखलातले तपकिरी पाणपक्षी, तुतारी, टिलवे, चिखले, सगळे एकसारखे. शिकण्याचा वेग घटतो आणि आपण समजतो की आवडच घटली. अशा वेळी मैदान लहान करा. सगळे पक्षी सोडा, एकच कुळ घ्या. सगळा जिल्हा सोडा, एकच तळं घ्या आणि महिनाभर तिथेच जा. मैदान लहान झालं की बारीक फरक पुन्हा दिसू लागतात आणि फट परत उघडते. याच सुमारास आपल्यापेक्षा थोडंसंच पुढे असलेलं कुणीतरी सोबतीला असावं. फार मोठा जाणकार या टप्प्यावर उपयोगाचा नाही, तो आपल्याआधी उत्तर देऊन मोकळा होतो.

दुसरा शत्रू बक्षीस. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांचा १९७३ चा प्रयोग पालकांनी लक्षात ठेवावा असा आहे. बालवाडीतली, स्केचपेनने रंगवायला मुळातच आवडणारी मुलं घेतली. काहींना ‘चित्र काढलंस तर प्रमाणपत्र मिळेल’ असं आधी सांगितलं. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळेत पाहिलं, तर या मुलांनी इतरांच्या मानाने जवळपास निम्माच वेळ रंगवण्यात घालवला. ज्यांना बक्षीस न सांगता अचानक मिळालं त्यांचा रस कमी झाला नाही. म्हणजे घात वस्तूचा नाही, आधी केलेल्या सौद्याचा. मोठ्यांच्या बाबतीत तो सौदा लाइक्सशी होतो. नव्या आवडीचे पहिले सहा महिने फोटो कुठेही टाकू नका. हे मी आग्रहाने सांगतो. फुलपाखराचा फोटो टाकला की उद्या तुम्ही फोटो येईल असं फुलपाखरू शोधता, आणि शीटेसारखी दिसणारी अळी नजरेतून सुटते.

मुलीकडे येऊ. सुझान हिडी आणि ॲन रेनिंजर यांनी २००६ मध्ये आवडीचे चार टप्पे मांडले. सोप्या भाषेत: आधी ठिणगी पडते, मग बाहेरच्या आधाराने ती काही काळ तेवती राहते, मग माणूस स्वतःहून प्रश्न विचारू लागतो, शेवटी ती मुरते आणि अडचणीतही टिकते. तुमच्या मुलीचा कीबोर्ड पहिल्या टप्प्यावर होता आणि तिला तिसऱ्या टप्प्याचा खुराक मिळाला असावा: अलंकार, बोटांचे व्यायाम, परीक्षेची तयारी. स्वतःच्या ओढीने वाजवणाऱ्याला ते सोसतं, कारण त्याला कुठे पोचायचंय ते माहीत असतं. ठिणगीवर ओलं लाकूड टाकलं की धूर होतो. तिने तीन क्लास सोडले यात धरसोड दिसत नाही मला. तीनदा घाई झालेली दिसते.

तिला ‘का सोडलंस’ विचारू नका. ‘त्यातला कुठला भाग आवडला होता’ असं विचारा. ‘दोन काळ्या पट्ट्या एकदम दाबल्या की भीतीदायक आवाज यायचा’ असं काही उत्तर आलं, तर ती आवाजाच्या यंत्रणेची मुलगी आहे आणि तिला सरगमपेक्षा एक रिकामी बाटली, पाणी आणि चमचा आधी हवेत. तिने प्रश्न विचारला की ‘वा, छान प्रश्न!’ म्हणून व्याख्यान सुरू करू नका. ‘मला माहीत नाही, कुठे बघू या?’ हे वाक्य जास्त काम करतं, अर्थात खरोखर माहीत नसेल तरच. मुलांना नाटक लगेच कळतं. घरात तिच्या हाताला लागतील अशा तीन गोष्टी ठेवा: दहापट दाखवणारं छोटं भिंग, मोजपट्टी, कोऱ्या पानांची वही. कपाटात नाही, टेबलावर. आणि क्लास लावलाच तर सोडायचा नियम आधी ठरवा: सत्र संपेपर्यंत जायचं, त्यानंतर निर्णय तिचा, टोमणा नाही.

मोठ्या माणसाने काय करावं याचा उत्तम दाखला मुंबईतच आहे. १९०८ च्या सुमारास छोट्या सालिम अलींनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही वेगळी कशी, असं विचारत ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथले सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पक्ष्याचं नाव तर सांगितलंच, वर कपाटाचे खण एकेक करून उघडले आणि जतन केलेले पक्षी दाखवले. एका प्रश्नाच्या उत्तरातून शंभर नवे प्रश्न पडतील असं ते दाखवणं होतं. तुमच्या घरी तसे खण नसतील. पण बीट चिरताना आतली वर्तुळं दाखवायला थांबणं हाही खण उघडण्याचाच प्रकार.

एक गोष्ट स्पष्ट विचारतो, कारण पत्रात ‘कशातच मन लागत नाही’ असंही एक वाक्य आहे. पूर्वी आवडणारं जेवण, क्रिकेट, मित्र यांतलंही काही दोन आठवड्यांहून जास्त काळ नकोसं वाटत असेल, झोप किंवा भूक बदलली असेल, तर वही-प्रश्न बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना भेटा. टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे, मराठीत बोलता येतं. नुसता थकवा असेल तर पहिला आठवडा झोपेला द्या. पेंगुळलेल्या डोक्याला प्रश्न पडत नाहीत.

राहिला कीबोर्ड. विकू नका, निदान दिवाळीपर्यंत. कपाटावरून खाली काढा, पुसा, खोक्यात परत घालू नका. बैठ्या टेबलावर, प्लग लावलेला, हेडफोन जोडलेला ठेवा, म्हणजे रात्री वाजवला तरी शेजाऱ्यांचा प्रश्न येणार नाही. कुणी वाजवायला सांगायचं नाही, वाजवला तर ‘अरे वा’ म्हणायचं नाही, पाहुण्यांसमोर तर नाहीच. तुम्ही स्वतः मात्र जाता-येता एखादी पट्टी दाबून बघा. जवळजवळच्या दोन पट्ट्या एकदम दाबल्या की कानाला टोचतं आणि मध्ये चार सोडून पाचवी दाबली की गोड लागतं, ते का, हे वहीत लिहा. दिवाळीपर्यंत तुमच्या दोघांपैकी कुणीही त्याला हात लावला नाही, तर जवळपासच्या ज्या मुलाला तो हवाय त्याला देऊन टाका.